जुलैपर्यंतची पाटी

शुक्रवार, १७ जुलै
हवा: कोरडी, पश्चिमेचा वारा. माणसं: दोन. काम: सामान बांधलं.

आयुष्यभर छपरांचा धंदा केला आणि रोज संध्याकाळी साइटची रोजनिशी लिहिली. हवा कशी, माणसं किती, काम काय झालं. मार्चमध्ये धंदा विकला, पण संध्याकाळ झाली की हात अजून पेन शोधतो. रोसविता म्हणाली, "मग प्रवासाची लिही. निदान घरात माझ्या मागे मागे फिरून मला स्वयंपाक शिकवायचा थांबशील." बायकोचं म्हणणं रास्त होतं, म्हणून ही वही.

उद्या मी आणि फोल्कमार मोटरसायकलींवर निघतोय. हार्त्सचे डोंगर, ट्यूरिंगन, फ्रांकेन, मग खाली दक्षिणेला आणि श्वार्त्सवाल्डच्या जंगलातून परत घरी, झाउअरलांडला. दर उन्हाळ्यात जातो. या वेळी माझा एक बेत आहे. पुढच्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत जायचं. तरुणपणापासून बोलतोय, पण कधी माझी छपरं आडवी आली, कधी त्याची धुराडी. आता दोघेही मोकळे. नकाशा टाकीवरच्या पिशवीत ठेवलाय. परत यायच्या आत त्याच्याकडून 'हो' घ्यायचं. घासाघीस करून लोकांकडून 'हो' काढण्यातच माझा जन्म गेला, हे काही अवघड नाही.

फोल्कमार आमच्या भागाचा धुराडी-मास्तर होता. घरोघरची धुराडी झाडायची, बॉयलर तपासायचा, आणि नियमात बसत नसेल तर घरमालकाच्या हातात कागद द्यायचा. काळा कोट, सोनेरी बटणं. नवं वर्ष लागलं की लोक शकुन म्हणून त्याच्या बटणाला बोट लावतात. आमची ओळख एका छपरावरच झाली. माझ्या नव्या कौलांवरून तो बूट घालून चालत गेला म्हणून मी त्याला शिवी हासडली. त्याने धुराड्याची उंची मोजली, ती चार बोटं कमी भरली, आणि मला ते पाडून पुन्हा बांधायला लावलं. तेव्हापासून मी त्याचा कौलारू आणि तो माझा काजळ्या.

गेल्या हिवाळ्यात त्याने मुदतीआधीच काम सोडलं. गुडघा दुखतो म्हणाला.

संध्याकाळी त्याची मुलगी विब्के केक घेऊन आली. जाताना फाटकाशी थांबली.

"गेर्नोट काका, तुम्ही पुढे राहा हं."

"अगं, पुढे नेहमी तुझा बाप असतो. मी मागून त्याचं धूड बघत जातो."

"या वेळी तुम्ही राहा. आणि सावकाश."

पोरींना बापाच्या गुडघ्याची काळजी असते. माझ्या गुडघ्याचं कुणी विचारत नाही.

शनिवार, १८ जुलै
हवा: सकाळी धुकं, नंतर स्वच्छ ऊन. माणसं: दोन. काम: हार्त्सपर्यंत.

काजळ्या फाटकाशी आला तो हातात एक पिवळंजर्द जाकीट घेऊन.

"हे घाल."

"हे? मी रस्त्यावर खड्डे भरायला निघालोय का?"

"घाल रे. ट्रकवाल्यांना दिसतं."

हाच माणूस अशी जाकिटं घालणाऱ्यांना चालते-बोलते लिंबू म्हणायचा. घातलं, काय करणार. मग म्हणाला, तू पुढे हो. मी म्हटलं, आणि रस्ता? तो म्हणाला, रस्ता तुलाही येतो, इतकी वर्षं माझ्या मागे येऊन काहीतरी शिकला असशीलच. मी वाद घातला नाही. पोरीने त्यालाही पढवलेलं दिसतंय.

निघताना माझ्या गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि सायलेन्सरवर टिचकी मारली. "बदलला नाहीस ना? छान. आणखी काही वर्षं बदलू नकोस."

माझा सायलेन्सर जुना आहे, आवाज जरा भरीव आहे. गेल्या वर्षी ह्याच आवाजावरून त्याने मला फैलावर घेतलं होतं. माणूस नोकरीतून सुटला की मऊ होतो बहुतेक.

वेझर नदी ओलांडल्यावर पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा त्याची नवी नंबरप्लेट पाहिली. त्याची पाटी हंगामी असते. उजव्या कडेला दोन महिने कोरलेले असतात, कधीपासून कधीपर्यंत. त्याबाहेर गाडी चालवायची तर नाहीच, रस्त्याच्या कडेला उभीही करायची नाही. तो दर वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर घेतो. या वर्षी पाटीवर चार आणि सात.

"काजळ्या, हे काय? जुलैपर्यंतच?"

"हो."

"ऑगस्ट-सप्टेंबरात काय, सायकल चालवणार?"

"पुरेल म्हटलं एवढं."

विम्याचे तीन महिन्यांचे पैसे वाचवले म्हाताऱ्याने. पेन्शन लागली की अशी दुर्बुद्धी सुचते. म्हणजे आता एकतीस तारखेच्या आत घरी पोचायलाच हवं, नाहीतर गाडी जिथल्या तिथे अडकली. पोचू. एक दिवस हाताशी राहतो.

रविवार, १९ जुलै
हवा: उष्ण. माणसं: दोन, आणि रस्त्यावर अर्धा देश. काम: हार्त्समधले घाट.

आज घाटात मोटरसायकलींची जत्रा होती. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला डावा हात खाली सोडून सलाम करायचा, ही आम्हा लोकांची रीत. दुपारपर्यंत माझा खांदा भरून आला.

वरच्या टपरीवर सॉसेज खात उभे होतो. ब्राउनश्वाइगकडचा एक दाढीवाला माझ्याशी गप्पा मारायला लागला. फोल्कमार जरा लांब, गाड्यांपाशी होता.

"तुमचे ते मागचे दोस्त फार मोठे साहेब दिसतात," दाढीवाला म्हणाला. "आम्ही चौघे होतो. चौघांनी हात केला. त्यांनी मानसुद्धा हलवली नाही."

मला पटेना. सलामाचं शास्त्र मला ह्याच माणसाने शिकवलं. एकदा एका मोपेडवाल्या म्हाताऱ्याला सलाम करायचा राहिला, तर हा गाडी वळवून मागे गेला होता माफी मागायला. जेवणानंतर मी मुद्दाम आरशातून लक्ष ठेवलं. दाढीवाला खरं बोलत होता. समोरून लोक हात करतायत आणि हा आपला माझ्या पाठीवर नजर लावून बसलाय, दगडासारखा.

संध्याकाळी म्हटलं, "काय रे, सलाम बंद केलास? टाळ्या वाजवायला हव्यात का लोकांनी?"

"खूप गर्दी होती," तो म्हणाला. "हँडल सोडावंसं वाटलं नाही."

गर्दी होती म्हणे. माझ्यावर कसला तरी राग आहे त्याचा, आणि तो साऱ्या जगावर काढतोय. धंदा विकला तेव्हा त्याला आधी सांगितलं नव्हतं, ते तर नसेल लागलं?

मंगळवार, २१ जुलै
हवा: ढगाळ, पाऊस नाही. माणसं: दोन. काम: ट्यूरिंगनचं जंगल.

आज हसावं की चिडावं ते कळेना. दुपारी जंगलातल्या एका खाणावळीत बसलो. आत अंधारच होता. मालकीणबाई दोन मेनूकार्डं ठेवून गेली. फोल्कमारने कार्ड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "तुझं तेच माझं."

"मी कलेजी घेणार आहे," मी म्हणायच्या आत मालकीणबाई वहीत लिहून निघूनही गेली.

फोल्कमारला कलेजीचा वाससुद्धा चालत नाही. लहानपणी आईने जबरदस्तीने खायला घातली तेव्हापासून. ताटं आली. कांदा, सफरचंद, बटाटे आणि त्याखाली ती. त्याने काट्याने एक तुकडा तोंडात घातला आणि थांबला. मी वाट बघत होतो, की आता हा मालकीणबाईला हाक मारेल. नाही. तो चावत राहिला. सगळं ताट संपवलं, शेवटी पाव फिरवून रस्सासुद्धा पुसून घेतला.

"चांगली होती," म्हणाला.

"काजळ्या, ती कलेजी होती."

"कळलं मला. जीभ आहे."

"मग परत का नाही केलीस?"

"जी मागवली ती खाल्ली."

असा हट्ट. मला दाखवायला. नकाशा काढायचा बेत होता, पण म्हटलं आज नको, पोटात कलेजी असलेल्या माणसाकडे काही मागू नये.

गुरुवार, २३ जुलै
हवा: ऊन, थोडा वारा. माणसं: दोन. काम: फ्रांकेन, एक चर्च आणि बरीच बिअर.

आज गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर चढलो. जिना दगडी, अंधारा, गोल गोल वर जाणारा. मी दोनदा दम घ्यायला थांबलो. गुडघेदुखीवाला सरळ वर गेला, फक्त डावा हात सतत भिंतीवरून फिरवत. वर पोचल्यावर म्हटलं, गुडघा बरा दिसतोय तुझा. तो म्हणाला, कुठला गुडघा? मग म्हणाला, हो, आज बरा आहे.

म्हणजे गुडघा ही थाप होती. काम सोडलं ते कशासाठी मग? मला माणसं कळतात असा माझा समज आहे. अठरा माणसं छपरावर चढवायची तर कोण खोटं बोलतोय ते सकाळी आवाजावरून कळावं लागतं. ह्याच्या आवाजात काहीतरी लपवलेलं आहे, एवढं कळतंय. काय ते नाही.

संध्याकाळी झाडांखालच्या लांब बाकावर बिअर प्यायला बसलो. त्याच्या डाव्या हाताला एक आजीबाई बसल्या होत्या. हा बोलता बोलता हात फिरवायला गेला आणि त्यांचा भरलेला मातीचा मग आडवा. आजीबाई फ्रांकेनच्याच, त्यांनी मांडीवरची बिअर झटकली आणि म्हणाल्या, "राहू दे हो, धुवायचाच होता." फोल्कमारने त्यांना दोन मग पाजले. कान लाल झाले होते त्याचे.

मग मी नकाशा काढला. टेबलावर पसरला.

"हे बघ. पुढचा जून. इथून बोटीने चढायचं, मग सरळ वर. सूर्य मावळतच नाही तिथे. काय म्हणतोस?"

त्याने नकाशावर हात ठेवला, आमच्या गावाच्याही खाली, कुठेतरी इटलीत.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," म्हणाला.

"मला आत्ता हो किंवा नाही हवं."

"कौलारू, तू अजून धंद्यावरच आहेस. मी गिऱ्हाईक नाही तुझं."

नकाशा घडी करून ठेवला. वाईट वाटलं, लिहून ठेवतो.

सोमवार, २७ जुलै
हवा: कडक ऊन. माणसं: दोन, अजून. काम: फार नाही.

'अजून' लिहिलं, कारण आज एकच राहिला असता.

बोडेन सरोवराच्या अलीकडे सगळी शेतं, लहान रस्ते. एका चौकात आम्हाला थांबून बघायची पाटी होती. मी थांबलो, डावीकडून गवताची गाडी ओढत एक ट्रॅक्टर येत होता. लांब होता, मी निघालो. मागून फोल्कमार थांबलाच नाही. माझ्या मागे तसाच आला. ट्रॅक्टरचे ब्रेक मी ऐकले, मग लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, मग काही नाही. आरशात पाहिलं तर गवताची गाडी रस्त्यात तिरकी आणि तिच्यापासून हातभर अंतरावर फोल्कमार.

शेतकरी खाली उतरला. इकडच्या श्वाबेन भागातल्या लोकांना रागावतानाही घाई नसते.

"आंधळा आहेस का रे बाबा? एवढा हिरवा डोंगर चालत येतोय, दिसत नाही?"

"दिसला नाही," फोल्कमार म्हणाला. "चुकलं माझं."

"दिसला नाही म्हणे. माझी बायको पण दिसत नाही तुला? ती वर बसलीय गवतावर."

ती खरंच वर बसली होती, गवताला दोन्ही हातांनी धरून. फोल्कमारने हेल्मेट काढून तिची माफी मागितली. ती ह्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

पुढच्या गावात कॉफी घेतली. मी फार बोललो त्याला. झोपला होतास का, मरायचंय का, विब्केला मी काय सांगू.

"ऊन डोळ्यांवर होतं," तो म्हणाला.

पण ऊन आमच्या पाठीमागे होतं. माझी सावली माझ्या पुढच्या चाकावर पडत होती, मला पक्कं आठवतंय.

बुधवार, २९ जुलै
हवा: जंगलात गार. माणसं: दोन. काम: श्वार्त्सवाल्ड. सकाळी लिहायला घेतलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

मी डोळ्यांपेक्षा कानावर जास्त विसंबतो. कौलाला नखाने टिचकी मारली की तडा आहे का ते मला कळतं, बघावं लागत नाही. आज रस्ता उंच झाडांच्या भिंतींमधून जात होता आणि तिथे आवाज कोंडून राहतो. त्यामुळे दोन्ही इंजिनं स्पष्ट ऐकू येत होती, माझं आणि मागचं. आणि मागचं जे करत होतं ते मला आवडेना. मी वेग कमी केला की तो कमी करी, त्याच क्षणी. माझा ब्रेकचा दिवा लागायच्याही आधी. वळण अजून आलं नाही, मी उगाच गिअर उतरवला, तर त्यानेही उतरवला. वळण असो नसो. माणूस रस्ता बघून चालवत असेल तर असं होत नाही.

एका सरळ उतारावर पुढे-मागे कुणी नव्हतं. मी क्लच दाबला आणि इंजिन बंद केलं. गाडी नुसती घरंगळत राहिली.

मागचा आवाज लगेच अडखळला. वर गेला, खाली आला, मग बंद. मी आरशात पाहिलं. फोल्कमार रस्त्याच्या मधोमध थांबला होता, दोन्ही पाय खाली, आणि हॉर्न वाजवत होता.

मी वळून परत वर गेलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आवाज का बंद केलास?"

"बटण दाबलं गेलं. अंगठ्याने."

"बंद करायचा नाही. सांगून ठेवतोय."

"बरं."

"परत करू नकोस, गेर्नोट."

रागाच्या भरातही तो मला नावाने हाक मारत नाही. आज मारली.

छपरावर कौलं खालून वर लावत जातात. प्रत्येक वरचं कौल खालच्यावर टेकतं. आज ती लागत गेली. सलाम न करणं, कलेजी, मनोऱ्याची भिंत, आजीबाईंचा मग, ट्रॅक्टर, पिवळं जाकीट, सायलेन्सर. सगळ्यात वरचं कौल ती पाटी.

मुक्काम गांटरबाईंच्या पाहुणेघरात. आवारात मोठी पडवी आहे, गाड्या आत. तो अंघोळीला गेला तेव्हा मी मागच्या कुरणात जाऊन विब्केला फोन लावला.

"डावा डोळा की दोन्ही?" मी विचारलं.

"डावा हिवाळ्यातच गेला, काका. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, उजवा अजून नियमात बसतो, जुलै संपला की पुन्हा तपासू. बाबांनी पाटी तेवढीच घेतली."

"आता उजवाही बसत नाही नियमात."

"मला नाही सांगत ते."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणाले, गेर्नोटला सांगायची गरज नाही, तो तसाही बघत नाही, ऐकतो."

कुरणातल्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. त्या ऐकत उभा राहिलो.

आता करायचं काय? उद्या निघायचं, परवा, म्हणजे एकतीसला, घरी. मधे मोठे रस्ते आहेत, ट्रक आहेत. त्याच्या समोर बसून "तुला दिसत नाही, चावी दे" म्हणालो, तर तो देणार नाही. उलट आधी निघेल, एकटा. एकदा त्याची गाडी बंद पडली होती तेव्हा मी म्हटलं होतं, बस माझ्या मागे. म्हणाला, "मागे सामान बसतं," आणि गाडी ढकलत पुढचं गाव गाठलं. माझं न ऐकण्याची त्याला सवय आहे. पण नियम त्याने आयुष्यात कधी मोडला नाही.

गुरुवार, ३० जुलै
हवा: उत्तम, प्रवासाला आदर्श. माणसं: दोन. काम: इंजिन उघडलं.

नाश्त्याला मी म्हटलं, "माझ्या इंजिनात आवाज येतोय."

फोल्कमारने पावाला लोणी लावणं थांबवलं. "कसला?"

"टॅपेटचा. उजवीकडचा."

"मला नाही आला काल."

"मला आला."

आमच्या दोघांत आवाजाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, हे ठरलेलं आहे. गांटरबाईंकडून हत्यारं घेतली, पडवीत गाडी घेतली आणि उजवं झाकण उघडलं. आत सगळं घड्याळासारखं चोख होतं. मी ते नीट मापलं, सैल केलं आणि पुन्हा त्याच मापाला आणलं. मग डावं उघडलं. संध्याकाळ झाली.

गांटरबाई दोनदा डोकावल्या. हुशार बाई. दुसऱ्या वेळी हळूच म्हणाल्या, "माझ्या मालकांना पण असं इंजिन होतं. सासूबाई यायच्या असल्या की उघडायचे."

शुक्रवार, ३१ जुलै
हवा: कालच्यासारखीच. माणसं: दोन. काम: इंजिन अजून उघडंच.

सकाळी म्हटलं, एक पॅकिंग गेलंय, गांटरबाईंच्या भावाला गावातून आणायला सांगितलंय. पॅकिंग माझ्या खिशात होतं.

फोल्कमार पडवीबाहेरच्या बाकावर बसून राहिला. विचारलं नाही काही, घाई केली नाही. मला त्याचीच भीती वाटत होती.

जेवणाची वेळ टळल्यावर तो उठला. आत आला, हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले, एकेक बोट नीट ओढून. आपल्या गाडीवर बसला. मी हातात पाना घेऊन उभा. आत्ता निघाला तर रात्रीपर्यंत घरी पोचेल, पाटी आज चालते. मला त्याला अडवायचा काही हक्क नाही आणि माझी गाडी तुकड्यांत पडलेली.

त्याने इंजिन सुरू केलं. हलला नाही. गरम होऊ दिलं. मग जरा वाढवलं, सोडलं, पुन्हा वाढवलं, डोकं एका बाजूला कलतं करून. घरोघरी बॉयलरसमोर तो असाच उभा राहायचा. बराच वेळ ऐकलं त्याने. मग चावी फिरवली.

शांत झाल्यावर म्हणाला, "हिच्यात काही आवाज नाही."

"नाही," मी म्हटलं. "ती उत्तम आहे."

चावी त्याने काढली नाही, तिथेच राहू दिली. हातमोजे काढून आत घरात गेला.

शनिवार, १ ऑगस्ट
हवा: ऊन, वर थोडे ढग. माणसं: दोन. काम: लान नदीपर्यंत.

सकाळी माझं इंजिन अर्थातच सुरेख चाललं. फोल्कमार आवारात आपल्या गाडीसमोर उभा होता. खाली वाकला आणि पाटीवरच्या सातावरून अंगठा फिरवला.

"आजपासून ही रस्त्यावर येऊ शकत नाही," म्हणाला.

"नाही. नियम आहे."

"नियम आहे."

गांटरबाईंचा भाऊ पुढच्या आठवड्यात ट्रेलर घेऊन आमच्याकडे जाणार आहे. गाडी आणि बॅगा तो आणेल. हे मी परवाच ठरवलं होतं, पण आत्ता सुचल्यासारखं सांगितलं. फोल्कमारने मान डोलावली, जशी घरमालकांच्या सबबी ऐकताना डोलवायचा.

मग प्रश्न उरला, तो घरी जाणार कसा. दोघेही गाडीकडे बघत होतो.

"रेल्वे आहे," मी म्हटलं.

"रेल्वेत हेल्मेट मांडीवर घेऊन बसू?"

"मग?"

तो माझ्या खांद्याला धरून चढला. सावकाश, पाय शोधत. आम्ही दोघेही काही पोरसवदा नाही. गाडी मागून चांगलीच बसली. गांटरबाई दारात हात पुसत उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "सामान नीट बांधलंय ना?" काजळ्या म्हणाला, "बांधलंय, बाई. बोलतं पण आहे." पहिल्या चढापर्यंत मला पुढचं नीट दिसत नव्हतं. ऊन नव्हतं डोळ्यांवर.

वरच्या रस्त्यावर शनिवारची गर्दी. समोरून दोघे आले. मी डावं कोपर त्याच्या गुडघ्याला टेकवलं.

"काय?" तो कानाशी ओरडला.

"समोरून दोघे!"

त्याला कळायला एक क्षण लागला. मग आरशात दिसलं, त्याचा हात खाली सुटला, जुना, ऐटदार, तळवा पुढे. माझाही होताच. दोघांपैकी मागच्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. एका गाडीवरून दोन सलाम त्याला कुणी केले नसतील.

त्यानंतर सांगावं लागलं नाही. कोपर टेकलं की हात. एकालाही सोडलं नाही, मोपेडवाल्यालासुद्धा.

दुपारी ऱ्हाइनच्या मैदानात पेट्रोल भरायला थांबलो. तो उतरून कंबर चोळत उभा राहिला.

"उजवीकडचा टॅपेट आता कसा आहे?"

"गेला आवाज."

"कौलारू, टॅपेट मलाही ऐकू येतो. आता तर जास्तच."

मी पंपाची नळी जागेवर लावली. लावायला जरा वेळ घेतला.

"गुरुवारीच कळलं होतं तुला?" मी विचारलं.

"नाश्त्यालाच. तुला खोटं बोलता येत नाही, नुसतं विकता येतं." मग हेल्मेट घालता घालता म्हणाला, "सोमवारपासून मीच विचार करत होतो, त्या बाईंना गवतावर बघितल्यापासून. थांबायचं कसं, ते सुचत नव्हतं. चढ लवकर. मला लघवीला पण लागलीय, पण ते पुढच्या थांब्यावर."

रविवार, २ ऑगस्ट
हवा: ढगाळ. माणसं: दोन. काम: घरी.

फाटकाशी विब्के उभी होती. बापाला माझ्या मागून उतरताना पाहिलं आणि तिने त्याचं हेल्मेट हातात घेतलं. रोसविताने आलुबुखाराचा केक केला होता. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. बाप म्हणाला मी जाईन, पोरगी म्हणाली मी येईन, मी म्हटलं मी नेईन. तिघंही जाणार.

केक खाताना मी नकाशाचा विषय काढला नाही. काढायचा नाही असं ठरवलंच होतं. तो बशी पुढे सरकवून म्हणाला, "तुझी मागची गादी."

"तिचं काय?"

"चर्चच्या बाकासारखी आहे. हिच्यावर नॉर्वेला जायचं म्हणतोस? कंबर राहील का माझी?"

रोसविता हसली. मी उठून आणखी एक तुकडा घेतला, मला नको होता तरी.

सामान नसल्याने संध्याकाळी मोकळाच होतो. शेडमध्ये जाऊन मागची गादी काढली. मंगळवारी शिवणाऱ्याकडे देईन.